गावात रेंज नाही तरी सात जण एका गेममध्ये : रास्पबेरी पाय ४ वर चालणारा आमचा खिशातला सर्व्हर

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यात, बामणोलीच्या बाजूला. आम्ही राहतो साताऱ्यात पण चैत्रात यात्रेला सगळं घर गावाला जमतं, मुंबईची भावंडं, त्यांची पोरं, आत्याची पोरं, सगळे. आणि दरवर्षी तेच व्हायचं, पहिले दोन तास पोरं खूश आणि मग मोबाईल हातात धरून रेंज शोधत देवळाच्या मागच्या टेकाडावर. ऑनलाईन गेम तर विसराच. म्हणून मागच्या वर्षी मी रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा कॉम्प्युटर घेतला, ४ जीबी रॅमवाला, आणि त्याच्यावर गेमचा सर्व्हर, म्हणजे सगळे फोन ज्याला जोडून एकत्र खेळतात तो प्रोग्राम, टाकून गावाला घेऊन गेलो. दोन यात्रा, एक दिवाळी आणि साताऱ्यातल्या बऱ्याच रविवारांनंतर हा रिव्ह्यू लिहितोय, म्हणजे डबा उघडला आणि लगेच लिहिलं असं नाही.

आधी वस्तू काय आहे ते. एटीएम कार्डाएवढा बोर्ड, त्याच्यावर चार कोअरचा प्रोसेसर, वायफाय, लॅनचं पोर्ट, चार यूएसबी. २०१९ मध्ये आलेलं मॉडेल आहे, त्यानंतर २०२३ मध्ये पाय ५ आला आणि तो खूपच फास्ट आहे, पण पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्टला ५ अँपिअर लागतात आणि तेवढं देणारी पॉवरबँक सहज मिळत नाही. पाय ४ चं ३ अँपिअरमध्ये भागतं. जो सर्व्हर पिशवीत घालून एसटीनं न्यायचाय त्याला हा फरक लय मोठा आहे, म्हणून मी जाणूनबुजून जुनाच घेतला.

गेम कुठला? पोरांना अर्थातच माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे रचून जग बांधायचा गेम, पाहिजे होतं. पण त्याची जावा एडिशन फोनवर चालत नाही, आणि फोनवर जी बेडरॉक चालते तिचा अधिकृत सर्व्हर पायच्या एआरएम प्रोसेसरसाठी निघतच नाही. जावावाला सर्व्हर मी घरी लॅपटॉप जोडून चालवून बघितला, तिघांपर्यंत बरा चालतो, पण तिघं तीन दिशांना पळाले की नवीन जमीन तयार करता करता तो दमतो, गेममधल्या गाई जागच्या जागी थरथरायला लागतात. म्हणून शेवटी लुआंटी, तसाच ठोकळ्यांचा गेम. आधी ह्याला माइनटेस्ट म्हणायचे, २०१० मध्ये फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी सुरू केलेला, २०२४ मध्ये नाव बदललं. फुकट, ओपन सोर्स, अँड्रॉइडवर चालतो, आणि सर्व्हर सी प्लस प्लसमध्ये असल्यामुळं पायवर हलका जातो. माझ्याकडे सात फोन एकदम जोडून चालला, नवीन डोंगर तयार होताना अधेमधे अडकतो तेवढंच.

सेटअपला माझे दोन रविवार गेले. रास्पबेरी पाय ओएसचं लाइट व्हर्जन टाकलं, म्हणजे डेस्कटॉप वगैरे काही नाही, सगळं कमांडवर. नेटवर्क मॅनेजर त्यात आधीपासून असतो, त्याच्यातून एका कमांडमध्ये पायचाच हॉटस्पॉट होतो, राउटर लागत नाही. पत्ता येतो १०.४२.०.१ आणि लुआंटीचं पोर्ट ३००००. हे दोन आकडे मी पडवीच्या खांबावर खडूनं लिहून ठेवले, जो पोरगा यायचा तो खांबाकडं बघून फोनमध्ये टाकायचा आणि आत जायचा. अॅप मात्र सगळ्यांनी रेंजमध्ये असतानाच टाकून आणलं पाहिजे. बाकी मॉड, म्हणजे गेमला जोडलेल्या जादा गोष्टी, पायवरच चालतात, आणि त्यांची टेक्श्चर म्हणजे ठोकळ्यांवरची चित्रं वगैरे पहिल्यांदा जोडताना पायवरूनच फोनमध्ये उतरतात, त्याला नेट लागत नाही. साताऱ्यात एक त्रास होतो तो गावात होत नाही, फोनला कळतं की ह्या वायफायला इंटरनेट नाही आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो, तेव्हा 'तरीही जोडलेलं राहू दे' असं काहीतरी विचारतो त्याला हो म्हणायचं नाहीतर डेटा बंदच करायचा.

आता पॉवर. ह्या सगळ्या प्रकरणात पॉवरच महत्त्वाची आहे, बोर्ड नंतर. पहिला अॅडॉप्टर मी साताऱ्यात एका दुकानातून घेतला, वर ३ अँपिअर छापलेलं, दुकानदारानं छातीठोक सांगितलं चालतंय म्हणून. घरी एकटा खेळताना चाललाही. चार जण आले की बोर्डावरचा लाल दिवा मिणमिणायचा आणि गेम गोगलगाय व्हायचा. पाय ४ वर तो लाल दिवा पॉवरचा आहे, व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो, आणि मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मी आठ दिवस गेमच्या सेटिंग बदलत बसलो होतो, दोष वायर आणि अॅडॉप्टरचा. ओरिजिनल ५.१ व्होल्टचा अॅडॉप्टर आणला आणि त्याच दिवशी सगळं सुरळीत. दुकानात परत गेलो तर बदलून द्यायला नकार, पैसे गेले ते गेले. त्यामुळं कळकळीनं सांगतो, मेमरी कमी घ्या पण अॅडॉप्टर ओरिजिनलच घ्या.

पॉवरबँकमध्येही असंच बघून घ्यायचं. डब्यावर १८ वॉट लिहिलेलं असतं पण ते बहुतेक वेळा ९ व्होल्टला २ अँपिअर असतं, आपल्याला ५ व्होल्टला किती मिळतात ते मागच्या बारीक अक्षरात वाचायचं, ३ पाहिजेत. माझी २०००० एमएएचची आहे, पोरं खेळत असताना साधारण नऊ तास जाते. आणि अजून एक, काही पॉवरबँका चार्जिंगला लावताना किंवा काढताना क्षणभर आउटपुट तोडतात. गावाला दुपारी लाईट गेली की माझी पहिली पॉवरबँक नेमकं तेच करायची, लाईट गेली की पाय रिस्टार्ट, सगळी पोरं गेमच्या बाहेर आणि घरभर ओरडा.

असा करंट तुटण्याचा खरा धोका एसडी कार्डाला, पायचं सगळं त्याच्यावरच साठवलेलं असतं. गेममधलं सगळं जग एका डेटाबेस फाईलमध्ये लिहिलं जात असतं, लिहिता लिहिता करंट गेला की फाईल खराब होऊ शकते. पहिल्या यात्रेत आमचं तिसऱ्या दिवशी तसंच झालं. माझ्या धाकट्या पुतणीनं गेममध्ये गावचं भैरवनाथाचं देऊळ बांधलं होतं, पुढं दीपमाळ, तिला खालपासून वरपर्यंत एकेक मशाल लावलेली, पालखीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूला झाडं. सकाळी सर्व्हर चालूच होईना. ती रडली नाही पण दिवसभर गप्प होती ते मला जास्त लागलं. नशिबानं आदल्या रात्रीची कॉपी पेनड्राईव्हवर होती, एका संध्याकाळचं काम गेलं, बाकी वाचलं.

साताऱ्याला आल्यावर पहिलं काम केलं ते बटणाचं. बोर्डावरच्या पिन ५ आणि ६ मध्ये साधं पुश बटण जोडायचं आणि कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळ टाकायची, मग बटण दाबलं की पाय नीट शटडाऊन होतो आणि परत दाबलं की चालू. बटण अगदी किरकोळ पैशाचं. आता खेळ संपला की पुतणीच बटण दाबते, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत बघत बसते आणि मगच वायर काढते. बॅकअप दर तासाला आपोआप होतो. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ मात्र नाही, नेट नसलं की तारीख मागं राहते, म्हणून बॅकअपच्या फायलींना मी तारखेऐवजी नंबर लावलेत.

उन्हाळ्यात तापतो, हे खरं आहे. प्लास्टिकच्या बंद डबीत ८० डिग्रीला टेकला की वेग कमी करतो. अॅल्युमिनियमची जाड केस घातली, आता पंख्याशिवाय साठीच्या आसपास राहतो, पण वायफाय किंचित कमी झालं. पडवीतून ओटीपर्यंत पोहोचतं, अंगणाच्या टोकाला नाही. आम्ही तो माजघरात कणगीवर ठेवतो, तिथनं सगळीकडं बरा मिळतो आणि गारही राहतो.

आजीनं ह्या वेळी विचारलं, "त्या डबीत काय ठेवलंय रं?" पुतणी म्हणाली, "आजी, त्यात आपलं गाव आहे," आणि फोनवर देऊळ दाखवलं. आजीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, पार कुठंय, देवळापुढं पिंपळाचा पार पाहिजे. मग सगळी पोरं आजीला मध्ये घेऊन बसली, पार किती रुंद, विहीर कुठल्या अंगाला, जुना वाडा पडायच्या आधी त्याला किती पायऱ्या होत्या, आजी सांगत गेली आणि पोरं बांधत गेली. रात्री अकरापर्यंत.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पॉवरच्या नाजूकपणासाठी, नवीन माणूस त्याच्यात नक्की अडकतो. दोघातिघांसाठीच पाहिजे असेल तर पायचाच छोटा भाऊ झिरो २ डब्ल्यू बघा, त्यात ५१२ एमबीच रॅम आहे पण लुआंटी हलका आहे, चालून जातं. सहासात पोरं असतील तर पाय ४ च घ्या, २ जीबीचाही पुरतो, माझ्याकडे ४ मधली निम्मी पण वापरली जात नाही.

गेममधल्या जगाच्या फोल्डरच्या दोन कॉप्या आहेत, एक माझ्याकडे आणि एक पुतणीच्या पेनड्राईव्हवर मुंबईला. वाड्याच्या पायऱ्या अजून तीन राहिल्यात, त्या दिवाळीत.