अडकलेली अंडी: इंजेक्शन की शस्त्रक्रिया?
राजारामपुरीतल्या मित्राच्या पाळीव कॉर्न स्नेक सापाच्या मादीनं नऊ अंडी घातली, दोन पोटातच राहिली. "इंजेक्शन देऊ की ऑपरेशन?" त्यानं विचारलं. आधी एक्स-रे काढ, भावा.

इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन, अंडनलिका आकुंचन पावून अंडं बाहेर ढकललं जावं म्हणून देतात ते संप्रेरक. ते स्वस्त, भूल लागत नाही. पण कासवांना जितकं लागू पडतं तितकं सापांना नाही, आणि उशीर झाला की गुण आणखी कमी. अंडं वेडंवाकडं किंवा चिकटलेलं असेल तर देऊच नये, अंडनलिका फाटू शकते. बोटांनी दाबून काढणंही तितकंच घातक, ते कुणी करू नका.

शस्त्रक्रियेला खर्च जास्त, टाके महिना-दीड महिना ठेवावे लागतात. पण चिकटलेलं अंडं त्यानंच निघतं.

कालच अंडी घातलीत, वाट मोकळी आहे, तर ऊब, दमट पेटी आणि इंजेक्शन. दोन-तीन दिवस उलटले, मादी मलूल झाली, तर सापांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून शस्त्रक्रियाच.