आयरंतो: हॅरमपेक्षा बेटासाठी वाचावा असा मांगा

हॅरम मांगा, म्हणजे त्या प्रकारची जपानी चित्रकथा, म्हटलं की मी सहसा चार हात लांबच राहते. एक गोंधळलेला मुलगा, त्याच्यामागे पाच-सहा मुली, आणि त्या मुलींना त्याच्याशिवाय दुसरा उद्योगच नाही, या साच्याचा मला वीट आलाय. ताकेशी फुजिशिरो यांचा ‘नागासारेते आयरंतो’ मात्र मी मनापासून सुचवते, कारण यातल्या मुलींना हाताला भरपूर काम आहे.

इकुतो हा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांशी भांडून घर सोडतो, वादळात बोटीवरून समुद्रात पडतो आणि आयरंतो बेटाला लागतो. बेटावर पुरुष औषधालाही नाही. बारा वर्षांपूर्वी सगळे पुरुष मासे धरायच्या स्पर्धेला गेले आणि एका प्रचंड लाटेनं त्यांना वाहून नेलं. बेटाभोवती मोठमोठे भोवरे आहेत, म्हणजे इकुतोची परतीची वाटही बंद. मग गावची म्हातारी कारभारीण ओबाबा थेट पकडापकडीच लावते. जी त्याला पकडेल, तिचा तो नवरा! सगळं गाव मागे लागलंय आणि हा जीव मुठीत धरून पळतोय, ती पानं फारच धमाल आहेत.

पण मी अडकले ते त्याच्या पुढच्या भागात. इकुतो राहतो सुझूच्या घरी. तिची आई वारलेली, सोबतीला तोंकात्सु नावाचं डुक्कर. वीज नाही, दुकान नाही, सगळं जुन्या जपानी खेड्यासारखं. गावात कुणाचंही काम अडलं की सुझू मदतीला हजर, आणि अंगात ताकद अशी की इकुतो थक्क होतो. शहरात वाढलेल्या या मुलाला तिथं आधी साधी अंगमेहनत शिकावी लागते. त्यांचं प्रेम या कामांतूनच वाढतं. मोठमोठे कबुलीजबाब नाहीत. एकत्र जेवण, एकत्र काम, आणि घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे याचा सुझूला होणारा आनंद. इतकी वर्षं एकटी राहिलेली मुलगी त्याच्या परत जाण्याच्या गोष्टी ऐकताना कशी कासावीस होत असेल, हे लेखक फार हळुवारपणे दाखवतो.

बाकीच्या मुलींनाही स्वतःचं असं काही आहे. रिन सुतारकाम शिकतेय, पण हात भलताच धांदरट. माची आणि आयाने या देवळातल्या बहिणी. माची गवताच्या बाहुलीला खिळे ठोकून लोकांना शाप देणारी, आणि आयाने प्रत्येक डावात स्वतःच तोंडघशी पडणारी. माझी लाडकी आयानेच. भुताखेतांचं काही निघालं की इकुतो ‘हे विज्ञानात बसत नाही’ म्हणून अडून बसतो, तेही मला फार आवडतं.

आणि प्राणी! बेटावर प्राण्यांची वस्ती माणसांपेक्षा जास्त, आणि गावकऱ्यांना त्यांचं बोलणं कळतं. ते गावात शेजाऱ्यांसारखे वावरतात. बेटाच्या चार दिशांना चार राखणदार आहेत, आणि त्यांतला एक चक्क कोंबडा आहे, तोही भयंकर ताकदीचा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. आंघोळीचे आणि कपड्यांवरचे विनोद वारंवार येतात. शाळकरी वयाच्या मुलांना घेऊन असे प्रसंग काढायची काहीच गरज नव्हती. मी ती पानं सरळ उलटते, गोष्टीचं काही बिघडत नाही. घरातल्या लहान मुलांच्या हातात मात्र हा मांगा देऊ नका. दुसरं म्हणजे रेंगाळणं. ‘मंथली शोनेन गंगन’ या जपानी मासिकात ही मालिका 2002 साली सुरू झाली, खंड तीसच्या पुढे गेले, पण इकुतो-सुझूचं घोडं इंच इंच सरकतं. लग्न कधी, एवढंच बघायचं असेल तर चिडचिड होईल. रोज एखादं प्रकरण वाचायची सवय असेल तर हीच संथ चाल मानवते.

आधी चव घ्यायची असेल तर 2007 चा 26 भागांचा अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिका, आहे. पात्रांची ओळख व्हायला तो पुरेसा आहे, पण बेटाचे कानेकोपरे खऱ्या अर्थानं उलगडतात ते मांगातच. निदान पहिले तीन खंड वाचा आणि मग ठरवा.