कासवाच्या पिल्लाला पाणी: बशी की टब?

वाळवंटी कासवाचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो. त्याच्या वाफ्यात पाण्याची बशी कायम ठेवायची आणि बाकी त्याच्या मर्जीवर सोडायचं, की दिवसाआड कोमट पाण्यात बसवायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. आम्ही फीनिक्सजवळ राहतो. आमचा पेढा सोनोरन वाळवंटी कासव आहे, अ‍ॅरिझोनाच्या गेम अँड फिश (म्हणजे वन्यजीव) खात्याच्या दत्तक योजनेतून आलेला. (एवढ्या लहान वयात नर-मादी ओळखता येत नाही, ‘आलेला’ म्हणतो ते नावामुळे.) रानातलं कासव उचलून आणणं इथे बेकायदा आहे आणि भारतात स्टार कासव घरात ठेवणं हा गुन्हाच. त्यामुळे पुढचं सगळं रीतसर आणलेल्या पिल्लाबद्दल.

या जातीचं मूत्राशय म्हणजे तिची पाण्याची टाकी. पावसात पोटभर प्यायचं, ते पाणी साठवायचं आणि कोरड्या महिन्यांत त्यातूनच परत शोषून घ्यायचं. शरीरातला नको असलेला नायट्रोजन यूरिक ॲसिडच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखा बाहेर पडतो. त्यालाच युरेट म्हणतात. ताजं पाणी मिळेनासं झालं की हा लगदा आत घट्ट होत जातो आणि पुढे त्याचा खडा बनू शकतो. मोठं कासव महिनोन्‌महिने साठ्यावर काढतं. मुठीत मावणाऱ्या पिल्लाची टाकी ती केवढी!

आधी बशीबद्दल, कारण मी तिथूनच सुरुवात केली. कुंडीखाली ठेवतात ती मातीची उथळ बशी, काठ जमिनीच्या पातळीत येईल अशी पुरलेली. पिल्लाला हात लावावा लागत नाही, तहान लागेल तेव्हा ते स्वतः जातं. ही जात घाबरली की लघवी करून साठवलेलं पाणी घालवते, म्हणून रानात दिसलेलं कासव उचलू नका असं इथे सगळेच बजावतात. त्यामुळे हात न लावण्याचा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो.

पण बशीने मला तीन आठवडे फसवलं, आणि माझा निर्णय तिथेच झाला. सकाळी भरलेली बशी संध्याकाळी अर्धी झालेली असायची. मला वाटायचं, पितोय. जूनमधल्या इथल्या दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा दहा टक्क्यांच्याही खाली जाते. पाणी उन्हाने प्यायलं होतं, पेढ्याने नाही. दुसरं म्हणजे बशीच्या काठावर पांढरा थर दिसायचा. तो युरेट समजून मी निर्धास्त होतो. एक दिवस बशी घासायला घेतली तर थर नखाने निघेना. इथलं नळाचं पाणी जड, त्यातला तो क्षार होता. आणि खरे युरेट? ते पडले असतील तर मातीत मिसळून गेले. म्हणजे पिल्लू पितं का, त्याला लघवी होते का, कशी होते, यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा टबात बसवलं. हनुवटीच्या खाली राहील इतकंच पाणी. आईने व्हिडिओ कॉलवर पाहून सांगितलं, “बाळाला घालतो तसं न्हाऊ घाल रे, आधी कोपर बुडवून बघ.” तीच पद्धत अजून चालू आहे. पाच मिनिटं तो धडपडला, मग मान लांब करून तोंड पाण्यात टेकवलं आणि गळा हलायला लागला. दहाव्या मिनिटाला शी झाली, त्यामागून पांढरा गोळा. हातमोजा घालून चिमटीत चोळला तर रांगोळीसारखा खरखरीत लागला. तो मऊ, टूथपेस्टसारखा असायला हवा. पोटात गोळाच आला माझ्या. दुसऱ्या दिवशी कासवं तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला, खडा नव्हता. पुढचे दोन आठवडे रोज, पंधरा-वीस मिनिटं टब. खरखर हळूहळू गेली.

टबाचेही त्रास आहेत. नेमाने वेळ काढावा लागतो, पाणी गार होऊ द्यायचं नाही, टब वेगळाच ठेवायचा (स्वयंपाकघरातली परात अजिबात नको, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती असते) आणि नंतर हात साबणाने धुवायचे. पहिला आठवडा पेढा उचलताच पाय आखडून घ्यायचा. काही पिल्लांना हे कधीच मानवत नसेल, तर तिथे बळजबरी करावी असं मी म्हणणार नाही. अंगणात बीळ असलेल्या, चांगल्या वाढलेल्या कासवाला पुरलेली बशी आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस बहुधा पुरतो.

दोन-तीन वर्षांच्या आतलं पिल्लू असेल, तर मात्र मी टबाकडेच झुकेन. पाणी दोन्हींत मिळतं, पण बाहेर काय पडतंय ते टबातच दिसतं. ओलसर बीळ हवंच, पाला धुऊन ओलाच घालावा, निवडुंगाचं कोवळं पान द्यावं. पण आतली अवस्था यातलं काहीच सांगत नाही.

बशी मी काढलेली नाही. सकाळी तीही भरतो आणि आता आठवड्यातून एकदा व्हिनेगरने घासून नीट धुतो, म्हणजे काठावर पांढरं दिसलंच तर ते क्षाराचं नसेल. पेढा तिच्यात क्वचितच उतरतो. टब मात्र दिवसाआड, संध्याकाळी साडेपाचला.