दोनशे वीस डॉलरची कलर झेरॉक्स

फसलोय. सांगायला लाज वाटते पण पिनबॉलचे जुने फ्लायर जमवणारे आपल्यातले अजून तीन-चार जण तरी मला माहितीयेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या टेबलावर बॉल खेळवायची मशिन. अशा नाणं टाकून खेळायच्या मशिनी बनवणाऱ्या कंपन्या नवीन मशिन आली की जाहिरातीचा एक कागद छापायच्या, तोच फ्लायर. तो खेळणाऱ्यांसाठी नसायचाच, बारमध्ये नि दुकानात मशिनी लावणाऱ्या ऑपरेटर लोकांसाठी असायचा, ऑर्डर दिली की कागद कचऱ्यात. म्हणून तर आता मिळत नाही. मी शिकागोजवळ राहतो आणि गॉटलिब, बॅली, विल्यम्स या पिनबॉलच्या कंपन्या सगळ्या इथल्याच, त्यामुळे लागला नाद. (खरं तर मूळ नाद दादर स्टेशनवरच्या वजनाच्या काट्याचा, नाणं टाकलं की दिवे फिरायचे नि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. माझी सगळी तिकिटं आईने एका दिवाळीच्या साफसफाईत फेकली, ते दुःख वेगळंच.)

तर मला हवा होता गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टीचा फ्लायर. १९४७ ची मशिन, बटण दाबून चालणारे विजेचे फ्लिपर (बॉल परत वर उडवणाऱ्या छोट्या दांड्या) हिच्यातच पहिल्यांदा आले, दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्याआधी बॉल सोडला की मशिनला हलके धक्के देत बसायचं, बाकी नशीब. ऑनलाइन एकाने हा विकायला काढला, म्हणे वडील ऑपरेटर होते, ते गेले, गॅरेजमध्ये खोकं सापडलं. फोटोत मधोमध घडी, वरच्या कोपऱ्यात स्टेपलचा गंज, कडेला चहा सांडल्यासारखा डाग. मी स्वतःला फार हुशार समजतो ना, म्हणून पत्ता पण तपासला, शहराच्या नावापुढे नुसता टपालाचा जुना झोन नंबर होता, झिपकोड (इथला पिनकोड) नाही, आणि झिपकोड आला १९६३ ला, म्हणजे बरोबर. अरे पण खऱ्या कागदाचा स्कॅन असेल तर मजकूर बरोबरच असणार की! हे तेव्हा सुचलं नाही.

अजून दोघं मागतायत म्हणाला, आणि पैसे मित्राला पाठवतो तसे पाठव म्हणजे फी वाचेल. पाठवले, २२०. तसे पाठवले की खरेदीचं संरक्षण मिळत नाही हे मला माहीत होतं, तरी पाठवले.

फ्लायर आला तो प्लास्टिकच्या कव्हरात, मागे पुठ्ठा, चारी बाजूंनी टेप, वर चिठ्ठी की कागद ठिसूळ झालाय, बाहेर काढू नका. मी पण शहाण्यासारखा दोन महिने भिंतीवर लावून बघत बसलो. शेवटी फ्रेम करायला काढला आणि गंजावर बोट फिरवलं तर गुळगुळीत. भोक नाही. घडी दिसतेय पण हाताला लागत नाही, म्हणजे घडी पण छापलेली! मागची बाजू कोरी पांढरी, खरा गंज नि डाग मागे थोडा तरी उमटतोच. भिंगातून काळी अक्षरं बघितली तर कडेला निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, साधा घरचा प्रिंटर. मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर कागद ट्यूबलाइटसारखा चमकला, कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते केमिकल १९५० च्या आधीच्या कागदात नसायचं. (हे फक्त त्या जुन्या कागदांना लागू. १९८० च्या पॅकमॅन या व्हिडिओ गेमचा खरा फ्लायर पण चमकू शकतो, उगाच घाबरू नका.)

म्हणून पैसे द्यायच्या आधी दोन फोटो मागाच, एक मागच्या बाजूचा आणि एक टॉर्च आडवा धरून काढलेला, त्यात खरी घडी सावली पाडते. द्यायला कुरकुर केली तर सोडून द्या, कितीही दुर्मिळ असू दे. आणि आल्या दिवशी कव्हर फाडा.

विकणाऱ्याला मेसेज केला तर अकाउंटच गायब. बायको म्हणाली, "अरे, चांगला दिसतोय की, राहू दे भिंतीवर." राहू दिला. गेल्या आठवड्यात ओहायोचा एक ओळखीचा कलेक्टर व्हिडिओ कॉलवर त्याची नवीन खरेदी दाखवत होता, फार खूश होता. तोच फ्लायर. चहाचा डाग पण तोच, त्याच जागी. मी फोन फिरवून त्याला माझी भिंत दाखवली.