सागवानी पाळणा: ठेवावा की देऊन टाकावा?

चार-पाच वर्षांत घरात पुन्हा बारसं होण्याची शक्यता असेल तर ठेवावा. मात्र जोडलेला पाळणा माळ्यावर टाकू नये, सांधे ढिले होतात. कठडे आणि तळफळी सुटी करून जोडांवर पेन्सिलीने आकडे घालावेत. स्क्रूंची डबी तळफळीलाच बांधावी. दुसरीकडे ठेवलेली डबी वेळेवर सापडत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास पावसाळ्यात आत ओल कोंडून बुरशी येते, जुनी सुती चादर बरी. खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागली समजा.

दिला की जागा मोकळी होते, पण न तपासता देणं चूक. दोन गजांतलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नको. बाळाचं अंग निसटतं, डोकं अडकतं. कडी आकड्यात जिथे घासते तिथेच झिजते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि दात येणारं बाळ कठडा चावणारच. तेव्हा रंग आधी तपासून घ्या.

नात्यात कुणाकडे बाळ असेल तर देणंच बरं. आठवण हवी तर पितळी साखळ्या ठेवा, नव्या पाळण्याला चालतील. मोठ्यांच्या झोपाळ्याला मात्र लावू नका, तेवढं वजन त्या पेलत नाहीत.