चौपन्न पोत्यांचा कोबा

सिमेंटची रिकामी पोती आमची आई कुणाला टाकू देत नाही. उलटी करून झटकायची, घडी घालायची आणि दहा-दहाची चवड सुतळीने बांधायची. कडबाकुट्टी भरायला, शेणी झाकायला, कशालाही लागतात. गावाकडच्या नव्या घरात कोबा, म्हणजे लादीखालचा काँक्रीटचा थर, झाला त्या संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "एकवीसच निघाली रे." मी पुण्यात ऑफिसात होतो. म्हटलं, "आई, पोती काय मोजतेस, काम झालं ना?" ठेकेदाराच्या बिलात चौपन्न पोती होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, पोरं नेतात हो पोती, मावशींना कुठं सगळी सापडणार?" मला ते पटलं. त्या पटण्याची किंमत पुढे नऊ महिन्यांनी मोजली.

बार्शी तालुक्यात गावाकडे घर बांधलं, २०२२ सालची गोष्ट. आतली जमीन ९०० चौरस फूट. ठेकेदार भावकीतल्या एकाने सुचवलेला, त्यामुळे करारबिरार काही नाही, सगळं तोंडी. ठरलं ते असं: जोत्यात मुरमाची भर, त्यावर सहा इंच दगडी सोलिंग म्हणजे हाताने बसवलेल्या दगडांचा थर, त्यावर चार इंच कोबा, माल १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी; या ताकदीच्या काँक्रीटला एम-१५ म्हणतात. वर लादी आम्ही वेगळ्या माणसाकडून बसवणार होतो.

चार इंचाने ९०० फुटाला ३०० घनफूट म्हणजे तीन ब्रास काँक्रीट लागतं, साडेआठ घनमीटर. १:२:४ च्या मालाला घनमीटरमागे सव्वासहाच्या आसपास पोती जातात. म्हणजे त्याने लावलेली चौपन्न अगदी बरोबर होती. कागदावर त्याचा हिशेब कधीच चुकला नाही.

कोब्याच्या आदल्या रविवारी मी गावी होतो. त्याने मला उंबऱ्याशी नेलं, पट्टी लावून दाखवली: भरावापासून लेव्हलच्या दोरीपर्यंत चार इंच चोख. मी फोटो काढले, अजूनही फोनमध्ये आहेत. दोरी खोलीभर ताणलेली होती. मधे जाऊन तिच्याखाली पट्टी धरायला दोन मिनिटं लागली असती. पण ऊन मी म्हणत होतं, मे महिना, आणि तो सावलीत चहा घेऊन उभा होता. भराव कडेला खोल आणि मध्ये कासवाच्या पाठीसारखा फुगवलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. माणूस दारातूनच बघतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मंगळवारी, १० तारखेला कोबा पडला. मी नव्हतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे मिक्सरमध्ये पाइप सोडूनच ठेवला होता, माल आमटीसारखा वाहत होता आणि पोरं तो नुसता फळीने ओढत होती. एका पोत्याला एम-१५ साठी फार तर ३२ लिटर पाणी, असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलंय. पाणी वाढवलं की माल पसरायला सोपा जातो, मजुरी वाचते, ताकद मरते. वर पाणी मारलं तीन दिवस. आपल्याकडे सर्रास मिळणारं सिमेंट राखमिश्रित पीपीसी असतं, त्याला किमान दहा दिवस ओल लागते, सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात चौदा. चौथ्या दिवशी पोरं दुसऱ्या साइटवर गेली. आईने घागरीने दोन दिवस ओतलं, मग गुडघे धरून बसली.

३० मेला ठेकेदाराने क्यूब टेस्टचा रिपोर्ट आणून दिला. या टेस्टला ओतायच्या मालाचेच ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी दाबून फोडतात. मी मागितलाही नव्हता. लॅबचा शिक्का, गोल सही, खाली २८ दिवसांची ताकद १९ पॉइंट काहीतरी. मी खूश. भावकीच्या ग्रुपवर टाकला, "काम कसं पाहिजे बघा" म्हणून. १० तारखेला ओतलेल्या कोब्याचा २८ दिवसांचा रिपोर्ट ३० तारखेला येतो कसा, हे माझ्यासकट त्या ग्रुपवरच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि त्यात दोन सिव्हिलवाले आहेत. ठोकळे कुठल्या तरी दुसऱ्याच कामाचे होते. खरं तर सहा ते पंधरा घनमीटर मालाला दोन नमुने आणि प्रत्येकाचे तीन, असे सहा ठोकळे आपल्यासमोर भरायचे असतात. आमच्या अंगणात एकही साचा आला नव्हता.

उरलेले पैसे त्याच आठवड्यात दिले. रोख.

जुलैत लादी बसली, गृहप्रवेश झाला. फेब्रुवारीत स्वयंपाकघरात ओट्यापुढे भांडं पडलं तर आवाज वेगळाच आला, पोकळ, डब्यावर पडल्यासारखा. मार्चमध्ये तिथली एक लादी तिरकी चिरली, मग शेजारची. ठेकेदार आला, वाकून बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "लादीवाल्याने माल कमी घातलाय." लादीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, "मालक, एक फूट फोडा, मग बोला." त्या माणसाने आमचे डोळे उघडले, आणि मी त्याच्याशी आधीच भांडून बसलो होतो.

बार्शीहून ओळखीचा इंजिनिअर आणला. फूट बाय फूट भोक पाडलं. लादी, तिच्याखाली मसाला, त्याच्याखाली कोबा सव्वादोन इंच. इंजिनिअरने पहार बाजूला ठेवली आणि खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने कड उकरली, तर खडी शेंगदाण्यासारखी सुटून हातात आली. खाली सोलिंगचा एक दगड नाही. तीन बोटं मुरूम, तो वरून दिसण्यापुरता, आणि मग काळी माती. आमचीच, पायाच्या चरातून निघालेली. तीत गुटख्याची पुडी होती आणि बाभळीचं मूळ. शिवाय मुरूम आणि कोबा यांच्यामध्ये बोटभर फट.

आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतातल्या भेगेत खुरप्याचं पातं जातं, हे लहानपणापासून बघितलेलं. तीच माती घराखाली घातल्यावर ती वेगळं काय करणार? म्हणून तर जोत्यात मुरूम भरायचा, सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसून. बिलात तेरा ब्रास मुरूम होता. समोरच्या काकांनी आता सांगितलं, ट्रॉल्या चारच आल्या. "तेव्हा का नाही बोललात?" तर म्हणे, "तुमचं काम, आम्ही कशाला मध्ये पडू."

इंजिनिअरने मागच्या पानावर गुणाकार केला. सव्वादोन इंच जाडी धरली तर काँक्रीट होतं पावणेपाच घनमीटर. त्यात एकवीस पोती म्हणजे घनमीटरला साडेचारही नाहीत. "हा १:३:६ आहे, एम-१०," तो म्हणाला. "आईंचा आकडा बरोबर होता." आई दारात उभी होती. काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

तुमचं काम चालू असेल तर एवढं सांगतो. जमिनीवरचा कोबा तपासायला कुठल्याही ऑफिसातून कुणी आमच्याकडे आलं नाही. नकाशावर सही केलेल्या इंजिनिअरची फीही नकाशापुरतीच होती. आयएस ४५६ आणि जागेवर ओतायच्या जमिनींसाठीचा आयएस २५७१ भारतीय मानक ब्यूरोच्या साइटवर फुकट मिळतात, पण ठेकेदाराकडून ते पाळून घ्यायला माणूस आपलाच उभा लागतो. भरावाचे फोटो थराथराने घ्या, सोलिंगचे दगड दिसतील असे. दोरीखाली खोलीच्या मध्यावर पट्टी धरा. बिलावर जाडी आणि प्रमाण लिहून घ्या. माझ्या बिलावर पोती आणि ब्रास आहेत, पण जाडी नाही, कामापुढे नुसतं "कोबा काम, जॉब" लिहिलंय. पैसे देताना बँकेतून द्या. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. पण वकिलाने पहिला प्रश्न विचारला, "किती दिले याचा पुरावा?" मी फोनमधले उंबऱ्याचे फोटो दाखवले. तो हसला नाही, पण बघतच राहिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ठेकेदार फोन उचलत नाही, दिवाळीला मात्र न चुकता शुभेच्छा पाठवतो.

जमीन पुन्हा केली. लाद्यांसकट दोन लाख दहा हजार गेले. या वेळी आठ दिवस रजा टाकली. मुरूम धुमसताना टाच मारून बघितली, सोलिंगचे दगड उभे बसवून घेतले, फटींत दगडाच्या चिप्स भरून घेतल्या. कोब्यावर वाळूचे बांध घालून पाणी चौदा दिवस साठवून ठेवलं. ओतायच्या दिवशी आई मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसली, पोतं रिकामं झालं की हात पुढे. संध्याकाळी चवडी बांधल्या, त्रेपन्न भरली. एक कुठं गेलं ते ती अजून विचारते.