डब्यावर 550 वॉट, कामाचे 312: एसएमपीएसमधली फसवणूक ओळखा

असेंबल केलेल्या पीसीत ग्राहक सर्वात सहज फसतो तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांची मॉडेलं तो दहा ठिकाणी ताडून बघतो. कोटेशनच्या तळाशी मात्र नुसतं ‘550 वॉट एसएमपीएस’ लिहिलेलं असतं. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही. विक्रेता आपला नफा त्याच ओळीत काढतो.

पीसी घरी आल्यावर सुरू होतो, ब्राउझर, सिनेमे, ऑफिसचं काम सगळं सुरळीत चालतं. जड गेम लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी पडते आणि मशीन रीस्टार्ट होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ दिसतं. त्यावरून मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढंच कळतं, का ते कळत नाही. दुकानदार आधी विंडोज नव्याने टाकायला लावतो, मग रॅम बदलून बघू म्हणतो. तोवर माल परत करायची मुदत संपते. खरी मेख इथेच आहे.

एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. अशा मालावर साधारण असे आकडे असतात: 3.3 व्होल्टला 24 अँपिअर, 5 व्होल्टला 28, 12 व्होल्टला 26, उणे 12 व्होल्टला 0.5 आणि 5 व्होल्ट स्टँडबायला 2.5. व्होल्ट गुणिले अँपिअर करून सगळ्यांची बेरीज घेतली की जवळजवळ नेमके 550 भरतात. पण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज 12 व्होल्टवरून घेतात, आणि तिथे मिळतात 26 गुणिले 12, म्हणजे 312 वॉट. चांगल्या 550 वॉटच्या युनिटवर 12 व्होल्टसमोर 45 अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो.

आता आपला लोड मांडा. 65 वॉट लिहिलेला प्रोसेसर बूस्टमध्ये (जड कामात वेग वाढवताना) 120 पर्यंत सहज जातो, ग्राफिक्स कार्ड 200 घेतं, बोर्ड, पंखे आणि ड्राइव्हचे 50 धरा. झाले 370. शिवाय कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त खेचतं. म्हणून ही बेरीज 12 व्होल्टच्या क्षमतेच्या 60-70 टक्क्यांत बसेल असं युनिट घ्या.

खात्री करायची तर गेम चालू असताना मल्टिमीटरने मोलेक्सच्या (चार पिनांच्या पॉवर कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या वायरमधला व्होल्टेज मोजा. तो 11.4 ते 12.6 च्या आत राहिला पाहिजे. लोड येताच 11.4 च्या खाली घसरला तर रॅमला दोष देऊ नका. मीटरचे आकडे दिसतील असा व्हिडिओ काढून ठेवा, वादात तोच कामी येतो. युनिट मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

मागच्या बाजूला 115/230 चा लाल स्विच असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (मेन्समधून वीज सुरळीत खेचणारं सर्किट) नाही, डिझाइन जुनं आहे असं समजा. ‘80 प्लस’चा, म्हणजे वीज कमी वाया जाते या प्रमाणपत्राचा, स्टिकर कुणीही छापू शकतो. ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे दर्जा मिळालेली मॉडेलं 80 प्लसच्या वेबसाइटवर सापडतात. तिथे नेमका मॉडेल नंबर नसेल तर स्टिकरवर विसंबू नका. दोन मोलेक्स जोडून 8 पिन करणारा अ‍ॅडॉप्टर सोबत मिळाला तर तिथेच थांबा. ग्राफिक्सची 8 पिन 150 वॉटसाठी असते, ती थेट युनिटमधून यायला हवी.

केबलींच्या बाबतीत तर अजिबात तडजोड नको. प्रोसेसरची 8 पिन 4+4 अशी दुभंगते, ग्राफिक्सची 6+2. दोन्हींत 12 व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात, त्यामुळे जोर लावून बसवायला जाऊ नका. मॉड्युलर युनिट (ज्याच्या केबली सुट्या निघतात) वापरलेलं किंवा डबा फोडलेलं मिळालं तर केबली त्याच मॉडेलच्या आहेत का ते आधी बघा. युनिटकडच्या टोकाला पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही. सॉकेटमध्ये केबल नीट बसते, पण 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते आणि डेटाही जातो.

बिलावर एसएमपीएसची कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी ते युनिटच्या लेबलशी जुळवून बघा. विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर एसएमपीएस वेगळा विकत घ्या.